१६०३ साली जपानात बंदूक नवी होती का?

'सिनेमातला काळ आणि इतिहासातला काळ' या आपल्या विषयात आज मी मुद्दाम एक हलकाफुलका, मुलांचा म्हणावा असा चित्रपट घेतलाय. 'टीनेज म्युटंट निंजा टर्टल्स'चा तिसरा भाग, १९९३ सालचा. तुमच्यापैकी काही जण हसतायत. हसा, हरकत नाही. पण या चित्रपटानं एक ठरावीक साल निवडलंय आणि त्या सालाबद्दल एक ठाम विधान केलंय. विधान केलं की ते तपासता येतं. आपण तेवढंच करणार आहोत.

कथा थोडक्यात. केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी १९८४ साली एक कॉमिक काढलं. न्यूयॉर्कच्या गटारात राहणारी चार कासवं, त्यांचा गुरू एक उंदीर आणि विद्या निंजांची. कासवांची नावं लिओनार्दो, मायकेलअँजेलो, डोनाटेलो आणि राफाएल. तिसऱ्या चित्रपटात त्यांची पत्रकार मैत्रीण जुन्या बाजारातून एक राजदंड आणते. तो कालयंत्र निघतो आणि ती थेट १६०३ सालच्या जपानात जाऊन पडते. तिला सोडवायला कासवंही जातात. तिथे नोरिनागा नावाचा सरदार आहे, त्याच्याविरुद्ध उठलेलं एक गाव आहे आणि दोघांच्या मध्ये वॉकर नावाचा इंग्रज व्यापारी आहे. हा व्यापारी सरदाराला बंदुका विकायला आलाय. म्हणजे मांडणी अशी, की इकडे तलवारीचा, इमानाचा जुना जपान आणि तिकडे दारूगोळा घेऊन आलेला परका माणूस.

ही मांडणी ऐकायला बरी वाटते. ती खरी आहे का?

आधी एक शब्द बघू. इंग्रजीत ज्याला फ्यूडल म्हणतात त्याला आपण 'सरंजामी' म्हणतो. हा शब्द आपल्या घरचा आहे. फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेला मुलूख म्हणजे सरंजाम. तत्त्वतः तो काढून घेता येत असे, व्यवहारात तो घराण्यात मुरत असे. जपानी सरदाराला 'दाइम्यो' म्हणत आणि त्याची ऐपत तांदळात मोजत. माप होतं 'कोकू'. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. तोकुगावा राजवटीत दहा हजार कोकू किंवा त्याहून जास्त उत्पन्नाचा मुलूख असेल तर तो दाइम्यो. शोगुनला वाटलं तर तो दाइम्योला एका मुलखातून उचलून दुसऱ्या मुलखात बसवू शके. तेव्हा सरंजामी हा शब्द जपानला अगदीच परका नाही. फक्त तो म्हणताना 'जुनाट, बाहेरचं वारं न लागलेलं' असा अर्थ आपण नकळत त्यात भरतो. घोटाळा तिथे होतो.

आता १६०३. त्या साली तोकुगावा इएयासू याला सम्राटानं शोगुन नेमलं. तीन वर्षं आधी, ऑक्टोबर १६०० मध्ये, सेकीगाहाराच्या लढाईत त्यानं प्रतिस्पर्धी मोडले होते. म्हणजे शंभरेक वर्षांची यादवी संपत आल्याचं हे साल आहे. यादवी सुरू होण्याचं नाही. आणि त्या शंभर वर्षांतली शेवटची साठ वर्षं जपानी माणूस बंदुकीनंच लढत होता.

बंदूक आली १५४३ साली. दक्षिणेकडच्या तानेगाशिमा बेटाला एक चिनी जहाज लागलं, त्यात काही पोर्तुगीज होते. बेटाच्या तरुण सरदारानं त्यांच्याकडून दोन तोड्याच्या बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला दिल्या, की बघ, अशी करून दाखव. ही हकीकत १६०६ साली लिहिलेल्या एका जपानी वृत्तांतात आहे. त्यात एक बारीकसा तपशील येतो. लोहाराला नळी जमली, पण नळीचं मागचं तोंड बंद करायचा आट्याचा खिळा जमेना. ती अडचण पुढे दुसऱ्या जहाजावरच्या कारागिराकडून शिकून सुटली. नंतर काही वर्षांतच साकाई आणि कुनितोमो इथे बंदुका करणाऱ्या लोहारांची गावंच्या गावं उभी राहिली.

१५७५ साली नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागानं कुंपणाआड बंदूकधारी उभे करून ताकेदांच्या घोडदळाची दाणादाण उडवली. त्याच्याकडे तीन हजार बंदुका होत्या असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आकड्यावर अभ्यासकांत वाद आहे, काही जण हजारावर येतात. हजार म्हणा की तीन हजार, १६०३ सालच्या दाइम्योला बंदूक दाखवून चकित करायला कुणा वॉकरची गरज नव्हती. उलट जपानी बंदूक बघून वॉकरच म्हणाला असता, की एवढ्या मोलात मला विकता का?

मग इंग्रज? १६०३ साली जपानात एक इंग्रज होता हे आपल्याला पक्कं माहीत आहे. विल्यम अॅडम्स. तो 'लीफ्द' या डच जहाजाचा सुकाणू सांभाळणारा. १५९८ साली रॉटरडॅमहून पाच जहाजं निघाली होती, त्यातलं हे एकच एप्रिल १६०० मध्ये क्यूशूच्या किनाऱ्याला लागलं आणि बहुतेक खलाशी वाटेतच मेले होते. इएयासूनं अॅडम्सला तुरुंगात घातलं, प्रश्न विचारले आणि मग स्वतःपाशी ठेवून घेतलं. त्याच्याकडून जहाजं बांधून घेतली, त्याला जमीन दिली, पदरी मानाचं स्थान दिलं. घरी परत मात्र बरीच वर्षं जाऊ दिलं नाही. १६२० साली तो जपानातच वारला. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार हिरादो इथे १६१३ साली निघाली, आपल्याकडे सुरतेला त्यांचं बस्तान बसलं त्याच सुमाराला. सुरतेचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. हिरादोची वखार दहा वर्षांत, १६२३ साली, तोट्यात बंद पडली. म्हणजे चित्रपटात सूत्रं इंग्रजाच्या हातात आहेत, प्रत्यक्षात ती इएयासूच्या हातात होती.

बाहेरचं वारं लागलेलं नव्हतं, या समजाचंही बघा. त्याच १६०३ साली नागासाकीत जेझुइटांच्या छापखान्यात जपानी-पोर्तुगीज कोश छापायला सुरुवात झाली. त्यात बत्तीस हजारांच्या आसपास शब्द आहेत. हा छापखाना युरोपातून कुठल्या वाटेनं आला? गोव्याच्या. १५८२ साली चार जपानी मुलगे पोपच्या भेटीला पाठवले गेले होते. परतीच्या प्रवासात ते गोव्यात थांबले. त्यांच्यातल्या हारा मार्तिन्यो यानं केलेलं लॅटिन भाषण गोव्यातच १५८८ साली छापलं गेलं. त्याच वर्षी गोव्याच्या व्हाइसरॉयनं जपानचा कारभार बघणाऱ्या हिदेयोशीला एक पत्र लिहिलं. चर्मपत्रावरचं ते रंगीत पत्र आज क्योतोच्या म्योहोइन मंदिरात आहे आणि जपाननं त्याला राष्ट्रीय ठेवा मानलंय. बंदुकीचंही तेच. जपानी तोड्याच्या बंदुकीच्या चापाची घडण गोवा आणि मलाक्का इथे होणाऱ्या बंदुकांच्या जवळची आहे, असं अनेक शस्त्र-अभ्यासकांचं मत आहे.

कासवांची नावं इटालियन कलावंतांची, हा विनोद म्हणून ठीक आहे. पण १६०३ साली एक खराखुरा इटालियन चित्रकार जपानात जपानी मुलांना तैलचित्रं शिकवत होता! जोव्हानी निक्कोलो त्याचं नाव. तो १५८३ साली आला आणि पाद्र्यांना हाकललं तेव्हा, १६१४ साली, गेला. पटकथाकारांना हे ठाऊक असतं तर त्यांनी केवढी धमाल केली असती.

आता निंजा. इगा आणि कोगा या डोंगराळ भागांतले लोक हेरगिरीत, रात्री किल्ल्यात शिरण्यात, आगी लावण्यात वाकबगार होते. जपानी कागदपत्रांत त्यांना बहुधा 'शिनोबी' म्हटलंय, 'निंजा' हे रूप विसाव्या शतकात लोकप्रिय झालं. आपल्याकडे बहिर्जी नाईकांची माणसं जे काम करत, तशा जातीचं हे काम. इगावर नोबुनागानं १५८१ साली मोठी फौज घालून मुलूख बेचिराख केला. जे उरले त्यांतले बरेच जण इएयासूच्या पदरी गेले. तिथे त्यांना काय काम मिळालं? एदो किल्ल्याच्या दरवाजावर पहारा. शंभर-शंभर जणांच्या तुकड्या होत्या, एक इगावाल्यांची, एक कोगावाल्यांची. आणि या तुकड्या होत्या बंदूकधाऱ्यांच्या! टोकियोच्या राजवाड्याच्या बागेत त्यांची पहाऱ्याची लांबलचक चौकी अजून उभी आहे. बंदुकीला तलवारीनं उत्तर देणारा निंजा आपण पडद्यावर बघतो. खऱ्या निंजांची मुलं-नातवंडं बंदूक खांद्यावर टाकून, ठरल्या पगारावर, दारात बसलेली होती.

काळा पोशाखही बहुधा रंगभूमीवरून आलाय. काबुकी नाटकात वस्तू हलवणारे मदतनीस काळ्या कपड्यात असतात आणि प्रेक्षकांनी त्यांना 'न दिसणारे' समजायचं असतं. काबुकीची सुरुवात मानतात तो इझुमोच्या ओकुनीचा नाच क्योतोत कधी झाला? १६०३ साली.

इथवर झाल्या चुका. पण नुसत्या चुका काढायला मी उभा नाही. चित्रपटात एक गोष्ट आहे जी मला खरोखर महत्त्वाची वाटते. तिथे गाव उठलंय. सरदाराविरुद्ध साधी माणसं उभी आहेत. ही माणसं कल्पनेतली नाहीत. त्यांचं प्रत्यक्षात काय झालं?

१५८८ साली हिदेयोशीनं हुकूम काढला, की शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका सगळं जमा करावं. कारण काय सांगितलं? क्योतोत बुद्धाची महामूर्ती उभी राहतेय, तिच्या मंदिराला खिळे आणि पट्ट्या लागतील, त्यासाठी हे लोखंड वापरू. तुमचं या जन्मीही भलं होईल आणि पुढच्याही. तीन वर्षांनी दुसरा हुकूम निघाला, की सैनिकानं शेतकरी व्हायचं नाही आणि शेतकऱ्यानं गाव सोडून दुसरा धंदा धरायचा नाही. हिदेयोशी स्वतः साध्या घरातून वर चढलेला. आपण चढलो ती शिडी त्यानं मागून काढून घेतली. खेड्यांतल्या सगळ्या बंदुका गेल्या असं नाही. रानडुकरं आणि हरणं हाकायला त्या लागतच, पुढे त्यांची नोंद ठेवली जाई. पण त्या आता पिकाच्या राखणीसाठी होत्या. सरकारविरुद्ध उचलायच्या नव्हत्या.

त्या उचलल्या गेल्या १६३७ साली, शिमाबारात. जबर करवसुली आणि ख्रिस्ती लोकांचा छळ, दोन्ही एकत्र आलं. अमाकुसा शिरो नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पुढे करून शेतकरी आणि बिनचाकरीचे सामुराई ओसाड हारा किल्ल्यात शिरले. बायकामुलं धरून सुमारे सदतीस हजार माणसं. समोर शोगुनची लाखावर फौज. एका डच जहाजानं समुद्रातून किल्ल्यावर तोफा डागल्या, शोगुनच्या सांगण्यावरून. कोगाचे दहा जण हेर म्हणून पाठवले गेले. पण ते गावाच्या बाजूनं नव्हते. ते सरकारच्या बाजूनं होते. एप्रिल १६३८ मध्ये किल्ला पडला आणि आतल्या जवळजवळ सगळ्यांची कत्तल झाली. ज्या सरदाराच्या जुलमानं हे पेटलं त्यालाही शोगुननं देहदंड दिला. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

यात आपल्या मुलखाचा एक माणूस आधीच गेला होता. गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. लहान वयात पाद्र्यांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि हिदेयोशीपुढे दुभाष्या म्हणून उभा राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यात तो होता. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. वसईकर आजही त्याचा सण करतात.

तेव्हा चित्रपटाचं उत्तर चूक असलं तरी प्रश्न बरोबर होता, असं मी म्हणेन. हत्यार कुणाच्या हातात आहे, हा तो प्रश्न. चित्रपट म्हणतो, परका माणूस हत्यार घेऊन आला आणि गाव धोक्यात आलं. जपानच्या इतिहासात हत्यार साठ वर्षं आधीच आलं होतं, तिथल्या लोहारांनी ते आपलं केलं होतं, आणि गाव धोक्यात आलं ते घरच्या राज्यकर्त्यांनी तेच हत्यार गावाच्या हातातून काढून घेतलं तेव्हा. त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षं शांतता नांदली हेही खरं, आणि ती लहान गोष्ट नाही. शेती वाढली, शहरं वाढली, छापील पुस्तकं घरोघरी गेली. त्या शांततेचं कौतुक करताना हारा किल्ल्याची किंमत त्याच वहीत मांडावी, एवढंच माझं म्हणणं.

हा चित्रपट मुलांबरोबर जरूर बघा. वॉकर बंदुकांची पेटी उघडेल तेव्हा मुलांना विचारा, की या सरदाराला ही वस्तू खरंच नवी असेल का? आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांनाही हाच प्रश्न लावता येतो. तोफ कुणी ओतली, दारू कुठून आली, पैसे कुणी दिले? पुढच्या व्याख्यानात आपण तिकडेच वळणार आहोत.