लॉगिन पडद्याची सूत्रे

युनिक्स आणि लिनक्स प्रणालींवर चित्रमय लॉगिन पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड घेणे, त्यांची पडताळणी करवणे आणि त्यानंतर कामाचे सत्र सुरू करून देणे, ही तिन्ही कामे त्याच्याकडे असतात. एमआयटीत १९८४ साली जन्मलेल्या एक्स विंडो प्रणालीत आरंभी असा प्रोग्राम नव्हता. कीथ पॅकार्ड यांनी लिहिलेला एक्सडीएम १९८८ मध्ये एक्सच्या अकराव्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकाशनाबरोबर आला, आणि पडद्याचा रंग, अक्षरांचा आकार किंवा स्वागताचा मजकूर बदलायचा तर साध्या मजकुराच्या एका फाइलीतील ओळी बदलणे पुरेसे ठरले. ते बदलण्याचा अधिकार मात्र यंत्राच्या व्यवस्थापकाकडेच राहिला, आणि ते योग्यच होते, कारण पासवर्ड मागणारा पडदा कोणालाही पालटता आला, तर त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही.

पुढे केडीई आणि ग्नोम या मुक्तस्रोत डेस्कटॉप प्रकल्पांनी अनुक्रमे केडीएम व जीडीएम हे आपापले डिस्प्ले मॅनेजर घडवले. जुन्या जीडीएममध्ये ग्रीटर, म्हणजे प्रत्यक्ष पडदा रंगवणारा भाग, वेगळा होता. चित्रे आणि त्यांची मांडणी सांगणारी एक्सएमएल फाइल एकत्र ठेवली की ‘थीम’ तयार होई, त्यामुळे प्रोग्रामिंग न येणाऱ्या चित्रकारालाही लॉगिन पडदा रचता येऊ लागला. लॉगिन पडद्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोकळा काळ म्हणावा लागेल. २००८ च्या सुमारास जीडीएमची पुनर्रचना झाली, तीत ही थीमची सोय गेली. अंतर्गत बांधणी सुधारली हे मान्य केले, तरी चित्रकारांच्या हातातले साधन नाहीसे झाले, ही हानी खरीच होती. ग्नोम ३ च्या काळात तर पडद्याची सजावट ग्नोम शेलच्या एका संकलित संसाधन-फाइलीत बांधली गेली, आणि पार्श्वभूमीचे चित्र बदलण्यासाठीही ती फाइल उलगडून पुन्हा बांधण्याची खटपट करावी लागू लागली.

रॉबर्ट अँसेल यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या लाइटडीएमने पडताळणी व सत्राची व्यवस्था मूळ सेवेकडे ठेवली आणि पडदा कोणत्याही स्वतंत्र ग्रीटरवर सोपवला, त्यामुळे एकाच सेवेवर निरनिराळ्या डेस्कटॉपांचे निरनिराळे पडदे उभे राहू शकले. उबुंटूने ११.१० आवृत्तीत तो स्वीकारला, पण १७.१० मध्ये ग्नोमकडे परतताना जीडीएमही पुन्हा आणला. केडीईने प्लाझ्मा ५ च्या वेळी केडीएम सोडून एसडीडीएमची वाट धरली.

अख्खा डिस्प्ले मॅनेजर बदलण्याची सोय मात्र या साऱ्या स्थित्यंतरांत टिकून राहिली. डेबियनमध्ये एकाहून अधिक डिस्प्ले मॅनेजर बसवले असता कोणता चालवायचा हे व्यवस्थापकाला विचारले जाते, आणि निवडलेल्या प्रोग्रामचा मार्ग एका लहानशा फाइलीत एका ओळीत नोंदवला जातो.