तिवईची कुळकथा

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येक सभासद भगिनीने चार ओळी तरी लिहिल्याच पाहिजेत, असा चिटणीसबाईंचा हुकूम सुटला, तेव्हा मी मनात म्हटले, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने लिहायचे ते काय? पाककृती लिहावी, तर माझ्याहून सुगरणी मंडळात पुष्कळ आहेत. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एका तिवईवरून जे रामायण घडले, त्यामुळे मला ह्या लहानशा वस्तूचा इतिहास शोधावासा वाटला. तोच येथे सांगते.

आमचा जुना वाडा पाडून तेथे इमारत व्हायचे ठरले. सामानाची हलवाहलव चालली असता जुन्या सामानाचा एक व्यापारी आला. कोपऱ्यातल्या शिसवी तिवईकडे बोट करून तो म्हणाला, "ही मोडकी आहे, तीनशे रुपये देतो." आमचे हे लगेच तयार झाले. चिरंजीवांना तर नव्या सोफ्याशेजारी काचेचे टेबल हवेच होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या पदराने तिवईवरची धूळ पुसू लागल्या. ते पाहून माझ्याने राहवेना. मी व्यापाऱ्याला म्हटले, "उद्या या." दुसऱ्या दिवशी मी 'नाही' म्हणताच तीनशेचे पंधराशे झाले! तेव्हा मात्र ह्यांचेही डोळे उघडले.

आता इतिहासाकडे वळते. आपल्या जुन्या वाड्यांतून दिवाणखान्यात टेबल नसे, कारण खुर्चीच नसे. जमिनीवर बैठक, तीवर गादी, लोड, तक्के. पानाचे तबक, पाण्याचा तांब्या, पिकदाणी हे सारे बसणाऱ्याच्या हाताशी जमिनीवरच. उंच काही असेल तर देवाचा चौरंग आणि जेवणाचा पाट. माणूस जेवढा उंच बसतो तेवढीच उंच त्याची वस्तू ठेवावी लागते. पुढे इंग्रजी अमलात कचेऱ्यांतून आणि मग घरांतून खुर्च्या आल्या. माणूस हातभर वर बसला आणि त्याचा तांब्या खालीच राहिला. त्या दोघांची गाठ घालून देण्यासाठी खुर्चीशेजारी लहान टेबल आले.

ह्या टेबलाला आपण 'टीपॉय' म्हणतो. मीही समजत होते की, 'टी' म्हणजे चहा, म्हणून टीपॉय. पण ती चूक आहे आणि गंमत अशी की, ती इंग्रजांनीही केली! मूळ शब्द आपल्याच देशातला, 'तिपाई', म्हणजे तीन पायांची. आपली तिवई तीच. चारपाईला जसे चार पाय, तसे हिला तीन. साहेब लोकांनी तो शब्द उचलला आणि त्यात त्यांना चहा दिसू लागला. विलायतेत एकोणिसाव्या शतकात एका खांबावर उभी केलेली, आत चहाची पत्ती ठेवायची कुलपाची पेटी निघाली, तिलाही ते 'टीपॉय'च म्हणत. १८८६ साली यूल व बर्नेल ह्या दोघांनी हिंदुस्थानातील इंग्रजी बोलीतल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश छापला, त्यात चहाशी ह्या शब्दाचे नाते नाही असा खुलासा आहे. म्हणजे आपली तिवई विलायतेला जाऊन नाव बदलून माघारी आली. आणि आता आपण चार पायांच्या टेबलालाही टीपॉय म्हणतो!

चहाने मात्र ह्या टेबलाचे नशीब उघडले हे खरे. आसामचा चहा १८३९ साली प्रथम लंडनच्या लिलावात विकला गेला. आपल्याकडे तो घरोघर पोचला विसाव्या शतकात. मग आल्यागेल्याला कपबशी द्यायची, तर ती ठेवायची कुठे? म्हणून टीपॉय हवाच.

एकाखाली एक सरकणाऱ्या लहान टेबलांचा संचही काही आजचा नव्हे. १८०३ सालच्या आपल्या कोशात शेरेटन ह्या इंग्रज कारागिराने चार टेबलांचा असा संच दाखवला आहे. लहान जागेच्या घराला ह्यासारखी सोय नाही. पाहुणे आले की चार, गेले की एक.

आपल्या देशातल्या कारागिरांनीही ह्या वस्तूला आपापला साज चढवला. सहारनपूरची शिसमची कोरीव टेबले, पितळी नक्षी ठोकलेली आणि पाय मिटवून ठेवता येणारी. गुजरातेतील संखेड्याचे सागवानी कातीव काम, तांबूस रंगावर सोनेरी वेलबुट्टी. तिथे सोने मुळीच नसते. कथलाच्या चुऱ्यावर लाखेचा हात फिरला की तो सोन्यासारखा दिसतो. आणि आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतले रंगीत पाट नि चौरंग कोणाला ठाऊक नाहीत?

नव्या टेबलांवर जो गुळगुळीत थर असतो त्याचीही कथा आहे. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या कामासाठी अभ्रकाऐवजी वापरायला असे पत्रे निघाले. अभ्रकाला इंग्रजीत 'मायका' म्हणतात. 'मायकाऐवजी' म्हणून 'फॉर्मायका'. आपण सर्वांनाच 'सनमायका' म्हणून मोकळे होतो. त्यावर गरम कप ठेवला तरी डाग पडत नाही, हा त्याचा गुण मान्यच केला पाहिजे.

आता आमच्या तिवईचा निकाल. घरात सर्वजण तिला पेशवेकालीन म्हणत. आमच्या सुतारकाकांनी पाय बसवण्यासाठी ती उलटी केली, तेव्हा मी शेजारी बसून पाहिले. खालच्या अंगाला हाताच्या रंध्याच्या लाटा बोटांना लागत होत्या. मग मी शिवणाचा टेप लावला. लाकूड वर्षानुवर्षे आडव्या अंगाने आकसते, उभ्या अंगाने फारसे नाही. म्हणून जुनी गोल फळी पुरती गोल राहत नाही. आमची एका बाजूने अठरा इंच आणि दुसऱ्या बाजूने दोन सूत कमी भरली. मला कोण आनंद झाला! पण काकांनी स्क्रू काढला, तो अणकुचीदार टोकाचा निघाला. असे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यंत्रावर होऊ लागले; त्याआधीचे टोकाला बोथट असत. आणि पेशवाई तर १८१८ साली बुडाली. तेव्हा आमची पेशवाई तिथेच संपली! मग सासूबाईंनी खरे सांगितले. आजेसासरे कचेरीत कारकून असताना, १९४७ साली विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती.

भगिनींनो, कोणी 'अँटिक' म्हणून वस्तू गळ्यात मारू लागला, तर असे पाहावे. आपल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुराणवस्तू म्हणजे निदान शंभर वर्षांची हवी. स्क्रूच्या माथ्यावर अधिकच्या चिन्हाची खाच दिसली, तर ती दुरुस्ती किंवा ती वस्तूच १९३० च्या पुढची समजावी, कारण तसे स्क्रू तेव्हा निघाले. दोन्ही हातांनी उचलून वजन पाहावे. शिसवी असेल तर जड लागते. उंची खुर्चीच्या हाताएवढी असावी, म्हणजे कप घेताना वाकावे लागत नाही. घरात रांगते मूल असेल तर काच आणि टोकदार कोपरे नकोत. आणि जुन्याशेजारी नवे शोभत नाही असे नाही. आमच्याकडे सोफ्याच्या एका बाजूला तिवई आणि दुसऱ्या बाजूला चिरंजीवांचे काचेचे टेबल, दोघे सुखाने नांदतात.

पण ह्या इतिहासात एक गोष्ट कोणत्याही पुस्तकात नाही. ती मला सासूबाईंनी सांगितली. ही तिवई इतकी वर्षे दिवाणखान्यात होती, त्यावर त्यांनी हजारो कप ठेवले असतील. पण ठेवायचे आणि आत जायचे. त्यांचा स्वतःचा चहा नेहमी स्वयंपाकघरात, चुलीपाशी, पाटावर. "त्या तिवईशी बसून मी एकदाही चहा घेतला नाही गं," त्या सहज म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. माझ्या मात्र घशाशी आवंढा आला. त्या दिवशी त्या धूळ का पुसत होत्या, ते मला तेव्हा कळले.

नव्या घरात पहिल्या सकाळी मी खिडकीजवळ त्यांची खुर्ची मांडली, शेजारी तिवई ठेवली आणि म्हटले, "आई, बसा." त्या संकोचल्या, मग बसल्या. ह्यांनी स्वतः चहा आणून दिला. दोन घोट घेऊन सासूबाई म्हणाल्या, "साखर कमी आहे." आम्ही सगळे हसलो.

गेल्या वर्षी मंडळाच्या सहलीत आपण पुण्याचे राजा केळकर संग्रहालय पाहिले. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी ह्या साध्या वस्तू दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केल्या. आपल्या घरातली प्रत्येक वस्तू काही तिथे जाणार नाही. पण विकण्यापूर्वी घरातल्या वडील बाईमाणसाला एकदा विचारावे, एवढेच माझे सांगणे.

पुढच्या महिन्याची मंडळाची बैठक आमच्याकडे आहे. सर्वांनी अवश्य यावे. तिवई पाहायला मिळेल आणि चहा बसूनच घ्यावयाचा आहे.