गांडूळ नेमके कुठले? मातीच्या विषपरीक्षेचा इतिहास

१/ मातीत शिसे किंवा तेल किती मुरले आहे, हे यंत्राने मोजता येते. परंतु त्याने मातीतील जीवसृष्टी तगेल की नाही, हे जिवंत प्राण्यावर पारखूनच कळते. मग साक्षीला कोणता प्राणी बोलवायचा?

२/ १९८४ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने गांडुळावरील चाचणीची मार्गदर्शिका क्रमांक २०७ स्वीकारली. ‘आयझेनिया फेटिडा’ जातीची प्रौढ गांडुळे रसायन मिसळलेल्या मातीत १४ दिवस ठेवायची आणि मेलेली मोजायची. ती मातीही कृत्रिम होती : ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन माती, १० टक्के कुजके शेवाळ.

३/ ही निवड सोयीची होती. हे गांडूळ प्रयोगशाळेत सहज वाढते आणि देशोदेशीचे निकाल ताडून पाहता येतात. मात्र ते रमते शेणखताच्या नि कुजणाऱ्या पाल्याच्या ढिगात. महाराष्ट्रात गांडूळखतासाठीही तेच वापरले जाते. रानातल्या साध्या मातीत ते क्वचितच आढळते.

४/ कॅनडात ही अडचण ठळक झाली. तेथील विस्तीर्ण बोरियल अरण्याची माती थंड व आम्लधर्मी असते. तेलगळतीने नासलेल्या अशा जमिनीचा निवाडा खतातल्या गांडुळावर कसा सोपवायचा?

५/ मग स्थानिक गांडूळ घ्यावे, तर इतिहास आडवा येतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जवळजवळ सारा कॅनडा हिमस्तराखाली होता. काही तुरळक प्रदेश वगळता तेथे गांडुळे उरलीच नाहीत. आज दिसणारी बहुतेक गांडुळे युरोपीय वसाहतकारांच्या रोपांसोबत आणि मातीसोबत आलेल्यांची वंशज आहेत.

६/ म्हणून शोध दुसरीकडे वळला. सातू, लेट्यूस यांसारख्या पिकांच्या जोडीला, २०१३ मध्ये एन्व्हायर्नमेंट कॅनडाने स्प्रूस, जॅक पाइन, भूर्ज अशा अरण्यातील देशी वनस्पतींची चाचणीपद्धती प्रसिद्ध केली. २०२० मध्ये ‘ऑपिया निटेन्स’ या मातीतील सूक्ष्म कोळीवर्गीय जीवाची पद्धती आली.

७/ याची किंमतही आहे. अरण्यातील रोपे सावकाश वाढतात, त्यामुळे चाचणी लांबते. जुन्या निकालांशी तुलनाही अवघड होते. म्हणून जुने गांडूळ अजून निवृत्त झालेले नाही.

८/ जमीन ‘सुरक्षित’ ठरली की तिची सफाई थांबते. त्यामुळे साक्षीदार निवडण्याआधी त्या मातीत मुळात कोण राहत होते, हे शोधावे लागते; आणि तो शोध इतिहासाचाच आहे.