वळिवड्याहून निघताना नातं कोणतं दाखवायचं?

मार्च 2022. येरवड्यातल्या ऑफिसात बसून मी टीममधल्या एका युक्रेनी सहकारी मुलीचे कागद क्रमानं लावत होतो. ती पोलंडला पोचली होती. युरोपीय संघानं 4 मार्चला युक्रेनमधून आलेल्यांसाठी तात्पुरतं संरक्षण लागू केलं. 2001चा हा नियम पहिल्यांदाच वापरला जात होता. 24 फेब्रुवारीआधी युक्रेनमध्ये राहत असल्याचा पुरावा तिच्याकडे होता. अडचण नवऱ्याची होती. तो दुसऱ्या देशाचा नागरिक, त्यामुळे लग्नाचा दाखला हवा. मूळ कागद घरी राहिलेला. हातात होता फक्त मोबाइलमधला फोटो, शिक्क्याचा कोपरा कापलेला.

मी कोल्हापूरचा. लहानपणी दिवाळीचे कपडे घ्यायला आम्ही गांधीनगरला जायचो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचं गाव, एवढंच ठाऊक होतं. त्याआधी तिथं वळिवड्याची पोलिश छावणी होती, हे फार उशिरा कळलं. 1943 ते 1948 या काळात सुमारे 5000 पोलिश निर्वासित तिथं राहिले. बहुतेक बायका आणि मुलं.

त्यांचा प्रवासही कागदावरच सुरू झाला होता. 1940-41मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि जुलै 1941च्या करारानंतर त्यांना सुटकेचे दाखले मिळू लागले. या सुटकेला नाव होतं ‘माफी’. गुन्हा काय, तर पोलिश असणं! दाखल्याची मुदत साधारण तीन महिने. तेवढ्यात दक्षिणेकडे, जिथं पोलिश सैन्य उभं राहत होतं, तिथं पोचायचं. पुढे इराण, कराची आणि मग कोल्हापूर.

युद्ध संपलं, पण अनेकांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती. जुलै 1945मध्ये ब्रिटननं वॉर्साच्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता गेली. छावणी तर तात्पुरतीच. मग जायचं कुठं? ब्रिटननं दार उघडलं ते आपल्या हाताखाली लढलेल्या पोलिश सैनिकांच्या कुटुंबांसाठी. म्हणजे वळिवड्यातल्या बाईला विचारलं जाणार होतं: सैन्यात तुमचं कोण आहे?

काही दिवसांनी सहकारी मुलीचा मेसेज आला. दाखल्याची नक्कल मिळाली, नवऱ्याचं काम झालं. वळिवड्यात ज्यांना असं नातं दाखवता आलं नाही, त्यांतले काही आफ्रिकेतल्या पुढच्या छावणीत गेले.