चांदीची आगगाडी आणि लोखंडी खिळा

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंदे यांनी सन १८७४ मध्ये बांधविला. त्यांचे पुत्र माधवराव (१८७६–१९२५) यांना यंत्रांची मोठी हौस. येथील भोजनगृहाच्या मेजावर चांदीची एक चिमुकली आगगाडी विजेच्या बळाने रुळांवरून फिरे व पाहुण्यांपुढे पेये आणि चिरूट नेई. कोणी तिच्यावरील सुरई उचलली की गाडी जागीच थांबे. सुरई परत ठेवताच चालू लागे. सन १९६४ मध्ये राजवाड्याच्या काही भागात संग्रहालय झाले. तेथे ही गाडी पाहणाऱ्यांच्या कौतुकात चांदीचा वाटा मोठा आणि विजेचा लहान असतो, याचे आम्हांस नवल वाटते. कारण चांदी राजाची असली, तरी विद्या कोणाचीही आहे. ग्वाल्हेरातच थाटीपुरच्या एखाद्या साध्या घरी ती पडताळून पाहता येते.

कोपनहेगन येथे अर्स्टेड यांस सन १८२० मध्ये असे दिसले की, तारेतून वीज वाहू लागताच जवळची चुंबकसूची हलते. आपण शिवणाची सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासावी आणि बुचाच्या पातळ चकतीवर ठेवून पितळी वाटीतील पाण्यावर तरंगू द्यावी. ती दक्षिणोत्तर स्थिरावते. तिच्या लगत वर, तिच्याच दिशेने, तांब्याची तार धरून टोके टॉर्चच्या सेलला क्षणभर जोडावीत. सुई वळते. टोकांची अदलाबदल केल्यास उलट वळते.

सन १८२५ मध्ये स्टर्जन यांनी लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युच्चुंबक केला. लोखंडी खिळ्यावर वेष्टित तारेचे पन्नास वेढे देऊन ती सेलला जोडली, तर खिळा टाचण्या उचलतो. तार सोडताच बहुतेक टाचण्या गळून पडतात. विजेच्या मोटारीत हेच चुंबकबळ चक्राकार गतीस लावलेले असते. सेल दीड व्होल्टचा असल्याने धोका नाही, मात्र तार तापते, म्हणून फार वेळ जोडून ठेवू नये. भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेस या खेळात कदापि हात लावू नये.

मुलांना संग्रहालयात नेण्यापूर्वी हा खिळा त्यांच्या हाती द्यावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. मग सुरई उचलली असता गाडी का थांबे, हे तीच आपणांस समजावून सांगतील.