बटण नसलेलं यंत्र

परवा इथे टौरंगात आमच्या कारखान्यातलं एक जुनं मशीन भंगारात काढलं. काम माझ्या गळ्यात पडलं. वायरमनने केबल कापली, मी कागदावर सही केली, ट्रकवाला मशीन घेऊन गेला. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. घरी येताना मात्र दिल्लीची एक जुनी बातमी आठवत राहिली. केबल कापली की मशीन मेलं, हे सगळ्याच यंत्रांना लागू नाही!

तर मंडळी, गोष्ट सुरू होते १९६८ च्या सुमाराला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने कॅनडाहून 'गॅमासेल २२०' नावाचं यंत्र आणलं. शिशाचं जाडजूड पिंप, आत कोबाल्ट-६० च्या कांड्या. नमुना आत सोडायचा, गॅमा किरणांचा मारा करायचा आणि बाहेर काढून त्यात काय बदल झाला ते तपासायचं. किरण जोरदार, खोलवर जाणारे, आणि ते निर्माण करायला वीज लागत नाही. म्हणूनच त्या काळात जगभरच्या प्रयोगशाळांनी अशी यंत्रं घेतली.

१९८५ नंतर हे यंत्र कुणी वापरलं नाही. ते तसंच पडून राहिलं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने भंगाराचा लिलाव केला, त्यात तेही गेलं. मायापुरीच्या बाजारात कामगारांनी ते फोडलं. आत काय आहे याची त्यांना काय कल्पना? एकाने तर कोबाल्टचा छोटा तुकडा पाकिटात घालून ठेवला होता. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडली तेव्हा कुठे उलगडा झाला. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे तज्ज्ञ धावले, दुकानादुकानांतून तुकडे गोळा केले. सात जणांना किरणोत्सर्गाची बाधा झाली होती. त्यातला एक कामगार गेला.

आता थोडं गणित. इकडच्या शंभर डॉलरच्या नोटेवर अर्नेस्ट रदरफोर्डचं चित्र आहे. हा न्यूझीलंडच्या नेल्सनजवळ जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. किरणोत्सर्ग ठराविक काळात निम्मा होतो, ही अर्धायुष्याची कल्पना त्याने १९०० साली मांडली, आणि तीही कॅनडात असताना! कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. १९६८ ते २०१० म्हणजे सुमारे आठ अर्धायुष्यं. मूळ ताकदीचा जेमतेम अडीचशेवा भाग उरला असणार. आणि तेवढा माणूस मारायला पुरला.

याला पर्याय नाही का? आहे, आणि तो कोबाल्टच्या यंत्रांपेक्षा कितीतरी जुना आहे. राँटगेनला क्ष-किरण सापडले १८९५ साली. नळीत इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात. वीज बंद केली की थांबतात. पूर्वी या नळ्या फार तापायच्या, किरणही कमी पडायचे. आता उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या बहुतेक प्रयोगांना पुरतील अशी यंत्रं मिळतात. अमेरिकेत तर जुनं सिझियमचं यंत्र सरकार काढून नेतं आणि नव्याच्या खर्चाला हातभारही लावतं. फ्रान्स आणि नॉर्वेने रक्तपेढ्यांतली सिझियमची यंत्रं अशीच बदलली.

शास्त्रज्ञांची कुरकूर असते, आणि ती खोटी नाही. क्ष-किरणांची ऊर्जा कमी, त्यामुळे ते नमुन्यात तितके खोल जात नाहीत. नळी झिजते, ती गार ठेवावी लागते, वीजही हवी. शिवाय वीस वर्षं गॅमा किरणांवर केलेल्या प्रयोगांशी नवे आकडे जुळवायचे तर मात्रा पुन्हा ठरवावी लागते. जुनं यंत्र काढणंही सोपं नाही. मे २०१९ मध्ये सिएटलच्या हार्बरव्ह्यू इथल्या संशोधन इमारतीतून सिझियमचं यंत्र हलवण्याची तयारी चालू होती. तज्ज्ञ माणसं काम करत होती, तरी आवरण कापलं गेलं, सिझियमची पूड सांडली आणि तेरा जणांना ती लागली.

पण मला वाटतं, खरा मुद्दा भौतिकशास्त्राचा नाहीच. प्राध्यापक निवृत्त होतात, कारकुनाची बदली होते, फायली माळ्यावर जातात. संस्थेची आठवण कोबाल्टपेक्षा लवकर विरते. सिझियमचं अर्धायुष्य तर तीस वर्षं! विसरलेलं क्ष-किरण यंत्र म्हणजे नुसती अडगळ. विसरलेलं कोबाल्ट किंवा सिझियम म्हणजे दुसऱ्याच कुणाचं तरी मरण. आणि तो दुसरा बहुधा भंगारवाल्याकडचा मजूर असतो, ज्याला त्या प्रयोगातून कधी काही मिळालेलं नसतं.

असो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्यावर माझा सही केलेला तो कागद फाइलमधून काढून पुन्हा एकदा वाचला. 'आत काही घातक आहे का?' असा एक रकाना होता. काल मी तो न वाचताच 'नाही' लिहिलं होतं. उत्तर बरोबरच होतं म्हणा. पण ते योगायोगाने.