ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ आणि १८४४ चा मिलराइट वाद : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

प्रभू येशू ख्रिस्त पुन्हा येणार, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्माच्या प्रारंभापासून चालत आलेली आहे. मात्र ते आगमन केव्हा होणार, याविषयी ख्रिस्ती समाजात कधीही एकवाक्यता नव्हती. थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने हे आगमन अकस्मात होईल असे सांगितले, तर दुसऱ्या पत्रात त्यापूर्वी काही घटना घडणे आवश्यक असल्याचे प्रतिपादन आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२४:३६) तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही असे म्हटले आहे. तरीही दानीएल व प्रकटीकरण या ग्रंथांतील संख्यांनी अभ्यासकांना गणिताकडे ओढले. या ताणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मिलराइट चळवळ होय.

मिलरची कालगणना :

विल्यम मिलर (१७८२-१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन येथील शेतकरी. १८१२ च्या युद्धात त्याने सैन्यात सेवा केली होती. तरुणपणी तो ईश्वर मानणारा, परंतु ईश्वरी साक्षात्कार नाकारणारा होता. १८१६ मध्ये तो बाप्टिस्ट श्रद्धेकडे वळला आणि पुढील दोन वर्षे त्याने बायबलचे क्रमवार वाचन केले. दानीएल ८:१४ मध्ये २,३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे वचन आहे. भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष हे जुने सूत्र त्याने स्वीकारले. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी आणि तिचे शुद्धीकरण म्हणजे ख्रिस्ताचे आगमन, असा अर्थ त्याने लावला. पर्शियाचा राजा अर्तहशश्त याने इ. स. पूर्व ४५७ मध्ये दिलेल्या आज्ञेपासून मोजणी केल्यावर त्याला १८४३ हे वर्ष मिळाले. १८३१ पासून तो जाहीर व्याख्याने देऊ लागला. बोस्टनचे पाळक जोशुआ हाइम्स यांनी १८४० मध्ये नियतकालिक सुरू करून या विचाराला व्यापक प्रसिद्धी दिली.

मतभेदांचे स्वरूप :

या वादाला तीन पदर होते. पहिला मतभेद आगमनाच्या क्रमाविषयी होता. तत्कालीन अमेरिकन प्रोटेस्टंट समाजात सुवार्ताप्रसार व समाजसुधारणा यांतून प्रथम सहस्रवर्षीय राज्य येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल, हे मत प्रबळ होते. मिलरच्या मते ख्रिस्त आधी येणार होता. जग मानवी प्रयत्नांनी सुधारत जाईल की केवळ ईश्वरी हस्तक्षेपानेच बदलेल, हा प्रश्न यामागे होता.

दुसरा मतभेद अर्थनिर्णयाविषयी होता. अँडोव्हर येथील विद्वान मोझेस स्टुअर्ट यांनी दिवसाला वर्ष मानण्याचे सूत्रच नाकारले आणि दानीएलाच्या भविष्यवाणीचा संबंध इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील राजा अँटिओकस एपिफेनीस याच्याशी जोडला. मूळ भाषा जाणणारा पंडित व स्वतः बायबल वाचणारा शेतकरी यांपैकी कोणाचा अर्थ प्रमाण मानावा, हा अधिकाराचा प्रश्नही त्यात दडलेला होता.

तिसरा मतभेद चळवळीच्या आतच होता. मिलरने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ असा कालखंड सांगितला होता. विशिष्ट दिवस सांगण्यास तो राजी नव्हता. तो कालखंड सरल्यावर गणनेची फेरतपासणी झाली. इसवी सनात शून्य वर्ष नसल्याने २,३०० वर्षांची मोजणी १८४४ मध्ये पूर्ण होते, हे लक्षात आले. ऑगस्ट १८४४ मध्ये एक्सेटर येथील शिबिरात सॅम्युएल स्नो यांनी यहुदी प्रायश्चित्त दिनाचा आधार घेऊन कराईट गणनेनुसार २२ ऑक्टोबर ही तारीख मांडली. अनुयायांनी ती उत्साहाने उचलली. मिलर व हाइम्स यांनी मात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीस, म्हणजे अगदी शेवटी, तिला संमती दिली.

२२ ऑक्टोबरनंतर :

चळवळीच्या अनुयायांची संख्या साधारणतः ५० हजार ते १ लाख असावी असा अंदाज दिला जातो. त्यांपैकी काहींनी शेतातील पीक न काढता तसेच ठेवले होते. तो दिवस नेहमीसारखाच मावळला. ही घटना ‘महानिराशा’ या नावाने ओळखली जाते. अनुयायी शुभ्र झगे घालून वाट पाहत बसले होते, अशी कथा पुढे रूढ झाली. फ्रान्सिस निकोल या ॲडव्हेंटिस्ट लेखकाने १९४४ मध्ये तिचे सविस्तर खंडन केले. विरोधकांच्या उपहासातून आलेली माहिती पारखूनच घ्यावी लागते, हे यावरून दिसते.

निराशेनंतर अनुयायी विभागले गेले. मिलरने तारखेतील चूक मान्य केली, परंतु आगमन समीप असल्याची आशा सोडली नाही. एप्रिल १८४५ मधील ऑल्बनी परिषदेत त्याच्या बाजूच्या गटाने स्वतःची संघटना बांधली. काहींनी नव्या तारखा दिल्या. हायरम एडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र तारीख बरोबर, घटना चुकीची, अशी भूमिका घेतली; शुद्धीकरण पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गीय पवित्रस्थानात सुरू झाले, असे त्यांचे म्हणणे होते. याच विचारातून, एलन व्हाइट, जेम्स व्हाइट व जोसेफ बेट्स यांच्या नेतृत्वाखाली, १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची संघटना उभी राहिली. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच परंपरेतील आहे.

निष्कर्ष :

मिलराइट वाद हा केवळ फसलेल्या भाकिताचा इतिहास नाही. तारीख खोटी ठरल्याने श्रद्धा संपली नाही, तर तिचा अर्थ नव्याने लावला गेला. त्याच तारखेचा आधार घेऊन उभ्या राहिलेल्या चर्चने पुढे तारखा ठरविण्याचे टाळले, ही बाब लक्षणीय आहे. सदैव सिद्ध राहण्याची आज्ञा आणि काळ जाणण्याची मनाई या दोहोंचा मेळ कसा घालावा, हाच या मतभेदांचा गाभा होता. १८४४ मध्ये ज्यांनी पीक शेतात सोडले, त्यांच्यासाठी हा प्रश्न पांडित्याचा नव्हता, तर पुढच्या हिवाळ्याच्या अन्नाचा होता.